दरडीआधीच्या पैशांचा हिशोब कुठेय?

संपादक साहेब,

माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही दरडी जुलैतल्याच आणि दरवेळी तेच, मंत्र्यांचे दौरे, मदतीची घोषणा, मग लोक तात्पुरत्या निवाऱ्यात. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी आपत्ती निधीतले २० टक्के संकट येण्याआधीच्या कामांना ठेवलेत, म्हणजे पैशाची सोय कागदावर आहेच. मग आमच्या रायगडात कुठल्या वाडीच्या वर संरक्षक भिंत झाली, पाण्याचा निचरा केला, किती खर्च आला, हे ग्रामपंचायतीबाहेर बोर्डावर लावा ना, रस्त्याच्या कामाचा लावता तसा. आमच्याकडून तर पंचनाम्याला भिजलेल्या तांदळाच्या गोणीचा पण फोटो मागतात! पावसाळ्याआधी नुसती स्थलांतराची नोटीस चिकटवतात, जायचं कुठे ते कोणी सांगत नाही.

- एक वाचक, महाड