कीबोर्ड सोडायचा की नाही, हा प्रश्न दुय्यम

महोदय,

बटणांचे फोन बनवणाऱ्या कंपनीने टचस्क्रीनकडे वळावे की नाही, हा विषय निघाला की ब्लॅकबेरीचे नाव घेऊन तो चुटकीसरशी निकालात काढला जातो. कंपनी कीबोर्डला चिकटून बसली आणि म्हणून संपली, एवढ्या एका वाक्यात सगळा इतिहास उरकला जातो. ब्लॅकबेरीने टचस्क्रीनकडे वळायलाच हवे होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र ती वळलीच नाही, हे म्हणणे घटनाक्रमाला धरून नाही. ती 2008 मध्ये वळली आणि 2013 मध्ये पुन्हा वळली. पहिल्या वेळी आतील पाया जुनाच ठेवून आणि दुसऱ्या वेळी आपल्या हक्काच्या ग्राहकाला ताटकळत ठेवून. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देऊन भागत नाही. काय बदलायचे, कोणत्या क्रमाने बदलायचे आणि कोणासाठी बदलायचे, हेही सांगावे लागते.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या वॉटर्लू शहरात माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन यांनी 1984 मध्ये ‘रिसर्च इन मोशन’ ही कंपनी काढली; हीच पुढची ब्लॅकबेरी. 1999 मध्ये तिने ब्लॅकबेरी नावाचा पहिला पेजर आणला आणि खिशातल्या यंत्रावर ईमेल वाचणे व लिहिणे नोकरदार माणसाच्या अंगवळणी पडले. या यंत्राचा जीव त्याच्या कीबोर्डमध्ये होता. ज्यांनी पुढच्या काळातील ‘बोल्ड’ मालिकेतील फोन वापरला असेल, त्यांच्या अंगठ्यांना ती बटणे अजून आठवत असतील. प्रत्येक बटणाला एका बाजूने चढ दिलेला असे, आणि बटणांच्या दोन ओळींच्या मधून धातूची बारीक पट्टी गेलेली असे. त्यामुळे अंगठा कुठे आहे हे न पाहताच कळत असे. ईमेलच्या यादीत ‘टी’ दाबले की सर्वांत वर, ‘बी’ दाबले की सर्वांत खाली, ‘सी’ दाबले की नवा मजकूर. मजकूर लिहिताना स्पेसचे बटण दोनदा दाबले की पूर्णविराम आपोआप उमटे आणि पुढचे अक्षर मोठ्या लिपीत येई. लिहिणाऱ्या माणसाचा इतका बारकाईने विचार केलेला फोन त्यापूर्वी झाला नव्हता, आणि माझ्या मते त्यानंतरही फारसा झालेला नाही. म्हणूनच, कीबोर्ड ही एक जुनाट खोड होती, असे जे आज सहज बोलले जाते, ते मला अन्यायाचे वाटते.

तरीही 9 जानेवारी 2007 रोजी आयफोन सादर करताना स्टीव्ह जॉब्ज यांनी कीबोर्डवर जो आक्षेप घेतला तो बिनतोड होता. बटणे गरज असो वा नसो, कायम त्याच जागी असतात, आणि एकदा फोन कारखान्यातून बाहेर पडला की ती बदलता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. नकाशा पाहायचा असेल, छायाचित्र मोठे करायचे असेल, संकेतस्थळ वाचायचे असेल, तर फोनच्या दर्शनी भागाचा मोठा हिस्सा बटणांनी अडवून ठेवणे परवडत नाही. शिवाय काचेवरचा कीबोर्ड निव्वळ चित्र नव्हता. पुढचे अक्षर कोणते येण्याचा संभव आहे याचा अंदाज घेऊन त्या अक्षराचा स्पर्शाचा टापू नकळत मोठा करण्याची युक्ती ॲपलने त्यात योजली होती, आणि त्यामुळे बोट थोडे इकडेतिकडे पडले तरी शब्द बरोबर उमटत असे.

मराठी वाचकांना तर या आक्षेपाचा दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटायला हवा. प्लास्टिकच्या बटणावर जी लिपी छापली तीच त्याची लिपी. फ्रेंच आणि जर्मन ग्राहकांसाठी अक्षरांची वेगळी मांडणी असलेली बटणे कंपनीला वेगळी बनवावी लागत. स्वर, व्यंजने, काना-मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे असलेली देवनागरी पस्तीस-छत्तीस बटणांत बसवायची तर एकेका बटणावर दोन-तीन चिन्हांची दाटी होणार हे उघडच आहे. काचेवर मात्र एकाच जागी देवनागरी, तमिळ, अरबी किंवा रोमन हवी ती अक्षरे आणता येतात. आज कोट्यवधी माणसे आपापल्या लिपीत फोनवर लिहीत आहेत, त्यामागे या सोयीचा फार मोठा वाटा आहे. कीबोर्डच्या चाहत्यांनी, आणि मी स्वतःला त्यांच्यापैकीच समजतो, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आता कंपनीने काय केले ते पाहू. नोव्हेंबर 2008 मध्ये तिने ‘स्टॉर्म’ हा संपूर्ण टचस्क्रीनचा फोन बाजारात आणला. बटणाचा ठसका गमवायचा नाही म्हणून अख्खा पडदाच दाबता येईल आणि दाबल्यावर खट् आवाज करील, अशी रचना त्यात होती. कागदावर ही कल्पना मोहक दिसते. प्रत्यक्षात संपूर्ण पडद्याखाली एकच मोठे बटण होते, त्यामुळे एक अक्षर दाबून पडदा पुन्हा वर येईपर्यंत दुसरे दाबता येत नसे; ज्या वेगासाठी लोक ब्लॅकबेरी घेत, तो वेगच यात हरवला. फोन उभा धरला की एका चौकटीत दोन-दोन अक्षरे यायची, आणि पूर्ण कीबोर्ड हवा तर फोन आडवा करावा लागे. त्यावर वाय-फायही नव्हते. समीक्षकांनी या फोनला झोडपून काढले, आणि टचस्क्रीन हा आपला प्रांत नव्हे, असा चुकीचा धडा कंपनीतील अनेकांनी त्यातून घेतला असावा.

चुकीचा अशासाठी, की दोष पडद्यापेक्षा खोलवर होता. अँड्रॉइडचा बाजारात आलेला पहिला फोन, ऑक्टोबर 2008 मधला ‘जी-1’, याला सरकवून बाहेर काढायचा कीबोर्ड होता. ‘स्टॉर्म’चा अमेरिकेत गाजावाजा करणाऱ्या व्हेरायझन या मोबाइल सेवा कंपनीने वर्षभरातच मोटोरोलाच्या ‘ड्रॉइड’ फोनमागे आपली ताकद उभी केली, आणि त्या ‘ड्रॉइड’लाही सरकता कीबोर्ड होताच. बटणे असणे हेच बुडण्याचे कारण असते, तर हे फोन खपलेच नसते. ते खपले, कारण त्यांच्या आत मोठ्या पडद्यासाठी, खऱ्याखुऱ्या ब्राउझरसाठी आणि बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या ॲपसाठी घडवलेली नवी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे फोन चालवणारी मूळ प्रणाली, होती. ब्लॅकबेरीची सिस्टिम मंद गतीचे नेटवर्क, तुटपुंजी मेमरी आणि ईमेल यांच्यासाठी जन्मली होती, आणि त्या कामात ती अव्वल होती. तिच्यावर टचस्क्रीन बसवणे म्हणजे जुन्या वाड्याच्या भिंती तशाच ठेवून समोर काचेची दर्शनी बाजू उभारण्यासारखे होते. आधुनिक ब्राउझर ब्लॅकबेरीवर यायला 2010 मधला ‘टॉर्च’ उजाडावा लागला. तोवर आयफोनवरचे ॲपचे दुकान उघडून दोन वर्षे झाली होती.

नवा पाया घालण्याची बुद्धी कंपनीला 2010 मध्ये झाली, हे खरे. त्या वर्षी तिने क्यूएनएक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी कंपनी विकत घेतली. निर्णय उत्तम होता. आज तीच सिस्टिम कोट्यवधी मोटारींमध्ये चालते आहे, यावरून तिची भक्कम बांधणी कळते. मात्र तिच्यावर आधारलेला ‘प्लेबुक’ टॅबलेट एप्रिल 2011 मध्ये आला तो स्वतःच्या ईमेल सोयीविना. ज्या कंपनीचे नाव ईमेलवर झाले, तिच्या टॅबलेटवर ईमेल वाचण्यासाठी शेजारी तिचाच फोन लागत होता. नव्या सिस्टिमचे फोन तर 30 जानेवारी 2013 रोजी जाहीर झाले. त्यांत एक होता ‘झेड-10’, संपूर्ण टचस्क्रीनचा; दुसरा ‘क्यू-10’, कीबोर्डचा. बाजारात आधी आला ‘झेड-10’. ‘क्यू-10’साठी ग्राहकांना अनेक आठवडे थांबावे लागले, अमेरिकेत तर तो उन्हाळ्यात पोहोचला.

माझी सर्वांत मोठी तक्रार या क्रमाविषयी आहे. 2013 साली टचस्क्रीन फोन हवा असलेल्या माणसापुढे आयफोन होता आणि अँड्रॉइडचे शेकडो पर्याय होते. ज्यावर त्याची रोजची ॲप मिळत नाहीत असा तिसरा फोन त्याने का घ्यावा? उलट कीबोर्ड हवा असलेल्या माणसापुढे ब्लॅकबेरीशिवाय सांगण्याजोगा पर्याय उरला नव्हता, कारण बाकीच्या कंपन्यांनी तोवर तो नाद सोडला होता. अशा वेळी आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या ग्राहकाला मागे ठेवून, आपल्याकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या ग्राहकाच्या पाठी धावण्यात कोणता व्यवहार होता? परिणाम असा, की ऑगस्ट 2013 अखेरच्या तिमाहीत प्रामुख्याने न खपलेल्या ‘झेड-10’पायी कंपनीला सुमारे 93 कोटी 40 लाख डॉलर तोटा म्हणून मांडावे लागले आणि सुमारे 4,500 माणसांच्या नोकऱ्यांवर गदा आली. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, ही म्हण याहून नेमकी कुठे लागू पडेल, असे मला वाटत नाही.

मग काय करायला हवे होते? 2007 मध्ये, ग्राहक भरभरून येत असताना आणि तिजोरी भरलेली असताना, सिस्टिम नव्याने बांधायला घ्यायची. ती तयार होईपर्यंत कीबोर्डचे फोन अधिकाधिक चांगले करत राहायचे. आणि मग एकाच सिस्टिमवर दोन्ही फोन एकाच दिवशी ग्राहकाच्या हाती द्यायचे. गूगलने जवळपास हेच केले. अँड्रॉइडचा सुरुवातीचा नमुना बटणांच्या फोनसारखाच होता. आयफोन पाहिल्यावर त्यांनी टचस्क्रीनला अग्रक्रम दिला, पण पहिल्या फोनवर कीबोर्डही ठेवला. ब्लॅकबेरीची बीबीएम ही संदेशसेवाही इतर फोनसाठी वेळीच खुली करायला हवी होती. ती 2005 पासून चालू होती, म्हणजे व्हॉट्सॲपच्या चार वर्षे आधीपासून. ती आयफोन आणि अँड्रॉइडसाठी खुली व्हायला ऑक्टोबर 2013 उजाडला. बैल गेल्यावर झोपा करण्याचाच हा प्रकार होता.

यावर काही जण म्हणतील, की निष्ठावान ग्राहक एवढे होते तर टचस्क्रीनच्या फंदात पडायचेच कशाला? हा युक्तिवाद मला पटत नाही. त्या निष्ठेतली बरीचशी निष्ठा माणसांची नसून कार्यालयांची होती. फोन कंपनी विकत घेऊन देत असे, कर्मचारी तो वापरत असे. कर्मचारी स्वतःच्या पैशाने घेतलेला फोन कार्यालयात आणू लागला आणि त्यावर कामाचे ईमेल मागू लागला, तेव्हा ती निष्ठा बघता बघता ओसरली. बराच काळ अनेकांच्या दोन खिशांत दोन फोन असत, एक लिहिण्यासाठी आणि दुसरा बाकी सगळ्यासाठी. त्यातला कोणता अखेर घरी राहणार, हे ओळखायला ज्योतिषाची गरज नव्हती. सुमारे आठ कोटी ग्राहक असलेली कंपनी केवळ लिहिण्याच्या सुखावर तगू शकत नाही.

लहान कंपनीची गोष्ट निराळी आहे, आणि म्हणून आज कीबोर्डचे फोन काढणाऱ्यांना ब्लॅकबेरीचे उदाहरण देऊन ‘टचस्क्रीनकडे वळा’ असा सल्ला देणे मला चुकीचे वाटते. ब्लॅकबेरीने 2016 मध्ये स्वतः फोन बनवणे थांबवले. त्यानंतर टीसीएल कंपनीने त्या नावाने ‘की-वन’ आणि ‘की-टू’ हे अँड्रॉइडवरचे कीबोर्ड फोन काढले, तेही 2020 मध्ये थांबले. पण युनिहर्ट्झसारखी छोटी कंपनी आपला ‘टायटन’ हा कीबोर्डचा फोन विकते आहे, आणि 2024 मध्ये आयफोनलाच बटणे जोडणारे ‘क्लिक्स’ नावाचे कव्हर बाजारात आले. यांना आठ कोटी ग्राहक नकोत. काही हजार माणसे पुरतात. सिस्टिम त्यांना आयती मिळते, ॲप आयती मिळतात, आणि यांच्या फोनचा पडदाही स्पर्शाचाच असतो. म्हणजे ब्लॅकबेरीला जी दोन कामे जमली नाहीत, ती यांच्यासाठी आधीच झालेली आहेत. अशा कंपनीने बटणे काढून टाकली तर तिच्यापाशी विकण्यासारखे उरेल काय? शेकडो एकसारख्या काचांमध्ये आणखी एक काच, एवढेच.

त्यांच्याकडून अपेक्षा करायची तर ती वेगळ्या गोष्टींची करावी लागेल. फोन विकून झाल्यावर त्याला सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, हे त्यांनी खोक्यावर छापावे. छोट्या कंपन्या इथेच ग्राहकाला वाऱ्यावर सोडण्याचा धोका असतो. आणि रोमन बटणांवरून देवनागरी लिहिण्याची सोय त्यांनी दुसऱ्या कोणाच्या ॲपवर न सोडता फोनमध्ये मुळातच द्यावी, ऱ्हस्व-दीर्घ, अर्धा ‘र’ आणि जोडाक्षरे न अडखळता उमटतील अशा रीतीने. पडद्याच्या कडेला आमच्या मात्रांची एक ओळ आणि खाली बटणे, असा फोन बनवायला आज तांत्रिक अडचण कोणतीही नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक