चढणीच्या माशांना वर जाऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचाच, सातपूरच्या एका कारखान्यात ३१ वर्षं नोकरी करून रिटायर झालो. यंदा फेब्रुवारीत मालदीवला जाऊन आलो, नुसतं फिरायला नाही, मासे धरायला, आणि आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये: पहिल्या पावसात अंडी घालायला ओढ्यांतून वर चढणारे आपल्याकडचे मासे पोती भरून धरणं थांबायला हवं. ती पावसाळ्याआधी तुमच्या पेपरात यावी असं फार वाटतं म्हणून लिहितोय.

माझे वडील आनंदवलीच्या पुढे नदीवर गळ टाकायचे आणि मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्यांच्या मागे. बांबूची काठी, दोऱ्याला बांधलेला बुचाचा तुकडा, कणकेचा गोळा नाहीतर गांडूळ, बस. बुच बुडालं की झटका. मरळ, शिंगाडा, वाम, कधी रोहू. पुढे पगार झाल्यावर रीळवाला रॉड घेतला आणि गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला जायला लागलो. वीसेक वर्षांपूर्वी टीव्हीवर मालदीवची टुना मासेमारी बघितली, एकेका काठीनी माणसं भराभर मासे होडीत उडवत होती, तेव्हाच घरी सांगून टाकलं की आयुष्यात एकदा हे बघायचंच. मग मुलींची शिक्षणं, घराचं लोन, आईचं आजारपण, दरवर्षी पुढच्या वर्षी. २०२० च्या एप्रिलचं बुकिंग केलं आणि मार्चमध्ये सगळं बंद झालं, एजंटनी अर्धेच पैसे परत दिले, ते जाऊ दे.

कुणाला जायचं असेल तर दोन शब्द सांगतो. मुंबईहून माले पावणेतीन तासांत येतं. भारतीयांना तिथे फिरायला जाताना व्हिसाचे पैसे पडत नाहीत, फक्त निघायच्या आधी ९६ तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म भरायला लागतो. रॉड मी प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपात घालून दोन्ही बाजूंनी झाकणं लावून नेले, एकालाही काही झालं नाही. दारू न्यायला बंदी आहे आणि पूजेच्या मूर्तीही चालत नाहीत, त्यामुळे मिसेसनी पर्समधला छोटा गणपती निघायच्या दिवशी देव्हाऱ्यात ठेवला आणि त्याला सांगूनच निघाली. रिसॉर्ट आपल्याला परवडणारं नाही, पण २००९ पासून तिथे लोकांच्या वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसला परवानगी आहे, आम्ही वावू अटॉलमध्ये तसल्याच एका ठिकाणी राहिलो, अटॉल म्हणजे पोवळ्याच्या बेटांचं कडं. अटॉल हा शब्द मूळचा त्यांच्याच धिवेही भाषेतला. आणि त्या भाषेत माशाला मस म्हणतात! सकाळी नाश्त्याला मस हुनी, म्हणजे टुनाचा चुरा, खवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू, आणि सोबत रोशी, म्हणजे आपली रोटीच. मिसेस म्हणाली हे तर कोकणातलं कुणीतरी करून दिल्यासारखं लागतंय.

आता खरी गोष्ट. चौथ्या दिवशी आम्हाला टुनाच्या होडीवर घेतलं, होडीला तिकडे धोनी म्हणतात. पहाटेच्या अंधारात खाडीसारख्या शांत पाण्यात दिवा सोडून आधी बारीक मासळी धरली, तेवढ्यापुरतं जाळं. ती मासळी होडीच्या पोटातल्या टाकीत जिवंत ठेवतात, टाकीला खालून भोकं असतात म्हणजे समुद्राचं पाणी आपोआप खेळत राहतं. मग उजाडल्यावर पक्षी शोधायचे. जिथे पक्ष्यांचा घोळका पाण्यावर उतरतोय तिथे खाली टुना. तिथे गेलं की एकजण ओंजळीनी जिवंत मासळी फेकतो, होडीच्या मागून पाण्याचे फवारे सुरू होतात, त्यामुळे खालच्या टुनाला वाटतं वर मासळीच मासळी उसळतीये, आणि मग सात-आठ माणसं ओळीनी उभी राहून काठ्या टाकतात. त्यांच्या गळाला उलटा काटा नसतो. मासा लागला की काठी मागे झटकायची, मासा डोक्यावरून मागे जाऊन आपोआप सुटून डेकवर पडतो आणि गळ परत पाण्यात. एका माशाला एक गळ, एक माणूस. मी आयुष्यभर गळ टाकलाय पण असा वेग बघितला नव्हता, डोळ्यात पाणी आलं खरं सांगतो, वडील असायला हवे होते असं वाटलं.

अर्ध्यापाऊण तासात टुनाचा थवा खाली गेला आणि सगळे थांबले. कप्तानाला हिंदी चांगलं येत होतं, त्याला विचारलं की मोठं जाळं टाकून सगळा थवाच का नाही उचलत? तो म्हणाला, टुनाला जाळं टाकायला आमच्याकडे बंदी आहे, आणि जाळं टाकलं असतं तर माझ्या मुलासाठी काय उरलं असतं. हे त्यानी भाषण दिल्यासारखं नाही सांगितलं, दोरा गुंडाळता गुंडाळता सांगितलं. याच काठीच्या पद्धतीमुळे त्यांच्या टुनाला २०१२ मध्ये एमएससीचं, म्हणजे मासा संपणार नाही अशा बेतानी धरणाऱ्यांना मिळणारं, आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट मिळालं आणि युरोपच्या बाजारात तो मासा वेगळा ओळखला जातो. संध्याकाळी खडकाजवळ हातदोरीनी मासे धरायला गेलो तेव्हा मला पहिलाच एक छोटा गोब्रा लागला, मी खूश, आणि होडीवरच्या पोरानी हात ओला करून हलकेच गळ काढला आणि मासा परत पाण्यात सोडला. होडीखाली शार्क फिरत होते. कप्तानाचे वडील शार्क धरायचे, त्याच्या तेलानी होड्या रंगवायचे, पण २०१० मध्ये देशभर शार्क धरायला बंदी आली आणि आता तेच शार्क बघायला आमच्यासारखे लोक पैसे देऊन जातात.

हे सगळं बघताना मला सारखं आपल्याकडचं मागचं मृग नक्षत्र आठवत होतं. पहिला जोराचा पाऊस पडला, ओढे वाहायला लागले आणि गंगापूरच्या वरच्या बाजूला एका ओढ्यावर मी गेलो तर जत्रा. गाड्या लावून लोक आलेले, मच्छरदाण्या आडव्या बांधलेल्या, काठ्या, पोती, आणि चढणीचा मासा जो प्रवाहाच्या उलट वर चढत होता तो सगळाच्या सगळा पोत्यात. बॅटरीचा करंटही सोडला होता कुणीतरी. एकानी तिथेच पोट फाडून दाखवलं, गाभोळीनी, म्हणजे अंड्यांनी, गच्च भरलेलं.

रोहू, कटला हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून तर ते चढतात. किलोभराच्या रोहूच्या मादीत दोन लाखांच्या वर अंडी असतात. ती मादी ओढ्याच्या तोंडाशीच पोत्यात गेली की तिच्या मागचं सगळंच संपलं. आणि मग धरणात दरवर्षी बाहेरून बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, आणून सोडायची, तिचे पैसे मच्छीमार संस्थांनी भरायचे. समुद्रात आपल्याच राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते ती कशासाठी? याचसाठी ना. मग ओढ्यावरच्या माशाला तेवढे दिवस का मिळू नयेत?

भोई समाजाच्या किंवा आदिवासी पाड्यावरच्या माणसानी घरच्या कालवणापुरते चार मासे नेले त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्यांनी पिढ्यानपिढ्या नेले आणि नदी भरलेलीच राहिली. माझं बोलणं पोती भरून नेणाऱ्यांबद्दल आहे, करंट सोडून नाहीतर पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणाऱ्यांबद्दल आहे. एका ऑफिसात विचारायला गेलो तर दुसऱ्या ऑफिसात पाठवलं, तिथून परत पहिल्या. म्हणून आता सगळ्यांसमोर मागतो: पहिल्या पावसापासून निदान सहा आठवडे धरणात येणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी मच्छीमार संस्थांची माणसं पहारा ठेवू देत, त्यांना त्याची मजुरी मिळू दे, ग्रामपंचायतींनी बोर्ड लावावेत. बाकीच्या दिवसांत गळवाल्यांकडून फी घ्या, मी पहिला भरीन. त्या बेटावर मला एका संध्याकाळचे जेवढे पैसे लागले त्याच्या अर्ध्यात इथला भोयाचा मुलगा मला होडीतून फिरवेल आणि त्याचंही घर चालेल. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, झालं, तिथे पक्षी दाखवणारी गावातली मुलं तयार झालीच ना, तसंच हे.

अजून एक. वडील एका माशाचं नाव फार मायेनी घ्यायचे, खडशी, म्हणजे महाशीर. लहान मुलाच्या तळव्याएवढा खवला, सोनेरी. वडिलांनी तरुणपणी गोदावरीत धरलेल्या एका खडशीचा खवला आमच्या घरी कित्येक वर्षं डबीत ठेवलेला होता. मला स्वतःला ५० वर्षांत एकदाही लागली नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवर १९७० च्या दशकापासून महाशीरची पिल्लं तयार करते, तिथली पिल्लं देशात कुठे कुठे सोडली गेलीत, मग त्र्यंबकपासून खालच्या गोदावरीत का नाही सोडता येणार? आपल्या वाचकांपैकी कुणाला गेल्या दहा-पंधरा वर्षांत नाशिक भागात खडशी लागली असेल, नुसती दिसली असेल तरी, कृपा करून कुठे आणि कोणत्या महिन्यात ते याच सदरात कळवा, मी रोज बघेन.

आपला नियमित वाचक,
गंगापूर रोड, नाशिक