किन्हवली रस्त्यावरच्या दूधवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. विचारलं तेव्हा तुम्ही मला दवाखान्यात नेणाऱ्या जीपचं दार लावता लावता म्हणालात, "नावाचं काय घेऊन बसलात, आधी हात दाखवा डॉक्टरला." म्हणून हे असं जाहीर लिहितोय. शहापूर-किन्हवली भागातल्या कुणी वाचलं आणि ओळख पटली, जुनी लाल मोटारसायकल, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, एका कॅनच्या झाकणाला निळी दोरी, तर कृपा करून त्यांना वाचून दाखवा.

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार होता. आम्ही चौदा गाड्या घेऊन पहाटे कापूरबावडीहून निघालो. शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड, मग बारवी धरणाच्या रस्त्याने बदलापूर आणि जेवायला घरी, असा बेत. हायवे सोडून आत शिरलं की जीव कसा मोकळा होतो ते तुम्हाला काय सांगायचं, तुमचा रोजचाच रस्ता तो. भातं कापून झालेली, खाचरांतून उडव्या रचलेल्या, थंडीचा वास. एक वळण संपतंय तोवर दुसरं. मी फार खूश होतो आणि वेग जरा जास्तच होता, हे कबूल करतो. सागाच्या सावलीतल्या एका वळणावर कुणाच्या तरी ट्रॅक्टरमधून सांडलेला पेंढा होता, त्यावर अजून दव. मागचं चाक सटकलं. नंतर आठवतं ते एवढंच, की मी खडीवर डाव्या कुशीवर पडलोय आणि गाडीचं चाक फिरतंय.

निघताना आमच्यात नियम ठरले होते. फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. एकाने शेवटपर्यंत सगळ्यांच्या मागे राहायचं. ज्याने ही जबाबदारी घेतली होती, तो दहा मिनिटं आधीच मला ओलांडून पुढे गेला होता. फाट्यावर कुणी थांबलं नाही. सगळे सरळगावला पोचले, मिसळ मागवली, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, "सगळे सुखरूप पोचलो." तो फोटो मी शहापूरला एक्स-रेची वाट बघत बाकावर बसून पाहिला. दोनदा मोजले, तेराच होते. नंतर म्हणाले, आम्हाला वाटलं तू परत फिरलास. असं वाटलं तर फोन करतात. मला अजून राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

दोन मोटारीही गेल्या माझ्या बाजूने. एकीची काच खाली झाली आणि परत वर गेली. लोक पोलिसांच्या लफड्याला घाबरतात म्हणतात. पण मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच बजावलंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही ते आलंय. स्वतःचं नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही. तुम्हाला हे कलम ठाऊक असेल-नसेल. तुम्ही गाडी लावलीत, पहिल्यांदा झाडाची एक मोठी फांदी मोडून वळणाच्या अलीकडे रस्त्यात टाकलीत, आणि मग माझ्याकडे आलात.

हाताची बोटं हलवायला लावलीत, पाय हलवायला लावलेत. मानेचा टॉवेल काढून माझा डावा हात छातीशी बांधलात. मग हळूहळू चालवत मोरीच्या कठड्यापर्यंत नेलंत, कारण मोबाईलला रेंज तिथेच येते हे तुम्हाला माहीत होतं. मी म्हणालो, बायकोला फोन लावा. तुम्ही म्हणालात, "लावू. आधी पाणी प्या." बाटली माझ्या उजव्या हातात दिलीत. मी दोन घोट घेतल्यावर माझाच अंगठा मोबाईलला लावून घेतलात आणि नंबर लावलात. ती "हॅलो" म्हणायच्या आत तुम्ही बोलायला लागलात.

"ताई, तुमचे मिस्टर बरे हायेत. माझ्यासमोर बसलेत, पाणी पितायत. त्यांच्याशी बोला." आणि मोबाईल माझ्या कानाला लावलात. पडलो हे मी सांगितलं, माझ्या तोंडाने.

दादा, या तीन वाक्यांसाठी हे पत्र आहे.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना घोडबंदर रोडवर टेम्पोने उडवलं होतं. घरी फोन आला तो आईने घेतला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "तुमच्या माणसाचा ॲक्सिडेंट झालाय, लवकर या." हॉस्पिटलचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला. परत लावला तर उचलला नाही. कळव्याहून तिथवर रिक्षात सव्वा तास लागला. आई एक शब्द बोलली नाही, नुसती माझ्या बायकोचं मनगट धरून बसली होती. आमचं लग्न होऊन तेव्हा चारच महिने झाले होते. बाबांचा पाय मोडला होता, बाकी काही नव्हतं. पण तो सव्वा तास आईच्या अंगातून गेलाच नाही. अनोळखी नंबर वाजला की आजही ती आधी देवाऱ्याकडे बघते. बायकोच्या मनगटावर दोन दिवस बोटांचे वळ होते.

तुम्ही फोन लावलात तो याच बाईला. तुम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तरी तुम्ही मला आधी बसवलंत, पाणी पाजलंत, आणि मगच ते बोललात. जे बोललात त्यातला शब्दन् शब्द तुम्ही आधी खरा करून घेतला होतात. हे मला खूप उशिरा, रात्री झोप लागत नव्हती तेव्हा लक्षात आलं आणि मी रडलो. ही समज कुठल्या प्रशिक्षणात मिळत नाही, ती माणसात असावी लागते. तुमच्या तालुक्यातलं भातसा-तानसाचं पाणी आम्ही शहरातली माणसं नळाला पितो आणि उन्हाळ्यात तुमच्याच पाड्यांवर टँकर येतो. त्या रस्त्यांवर आम्ही मजा करायला येतो, आणि पडलो तर उचलायला तुम्हीच.

कॉलरबोन मोडलं होतं, आता जुळत आलंय. मागच्या रविवारी बायकोने कार काढली आणि आम्ही तुम्हाला शोधायला आलो होतो. त्या मोरीपाशी थांबलो, किन्हवलीत दोन-तीन ठिकाणी विचारलं. दूध घालणारे बरेच आहेत म्हणाले, नाव सांगा. नाव कुठून सांगणार? टॉवेल पिशवीत होता, तो तसाच परत आणला.

एक गोष्ट मात्र बायको सारखी विचारते आणि माझ्याकडे उत्तर नाही. तुमचे कॅन तासभर उन्हात उभे होते. त्या दिवशीचं दूध डेअरीने घेतलं का हो?