आधी फाइली बाहेर, मग दुरुस्ती

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

बाहेरची डिस्क लावली की ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असं येतंय, म्हणून लिहिलंस. कॅन्सल दाब आणि डिस्क काढून बाजूला ठेव. फाइली बहुधा जागच्या जागी आहेत. कुठली फाइल कुठे आहे याची नोंद बिघडली, की विंडोज त्या डिस्कला ‘रॉ’ म्हणतं. क्विक फॉरमॅटने त्या जागी नवी, कोरी नोंद लिहिली जाते, त्यातून फाइली परत मिळवणं जड जातं तरी शक्य असतं. पूर्ण फॉरमॅट मात्र सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं. तिथे विषय संपला.

आधी केबल बदलून बघ आणि डिस्क थेट मशीनच्या पोर्टला लाव, यूएसबी हबला (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या जोडणीला) नको. अडीच इंची डिस्क वीजही त्याच केबलमधून घेते. वीज कमी पडली की ती मधेच गळते आणि नोंदी अर्धवट लिहिल्या जातात. डिस्क टक-टक असा ठरावीक आवाज करत असेल, तर मात्र लगेच काढ आणि पुन्हा लावून बघू नकोस. आतलं वाचणारं डोकं बिघडलेलं असेल तर प्रत्येक फेरीला नुकसान वाढतं, आणि ते काम घरी होण्यासारखं नाही.

आवाज नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम, उघड. वरचा ‘गुड’ हा शेरा वाचून सुटकेचा निःश्वास टाकू नकोस, खालच्या यादीत ‘रॉ व्हॅल्यूज’ या रकान्यातले आकडे बघ (या ‘रॉ’चा वरच्या ‘रॉ’ डिस्कशी संबंध नाही). 05 म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे. सी5 म्हणजे वाचता येत नाहीत, पण अजून निकाल लागलेला नाही असे. सी5 शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवरून फाइली काढण्यापलीकडे काहीही करायचं नाही. सी7 मशीनच्या आतल्या डिस्कसाठी कामाचा: तो वाढत असेल तर बहुतेक वेळा साटा केबल, म्हणजे आतली डिस्क मशीनला जोडणारी वायर, दोषी असते. केबल बदलल्यावर तो आकडा खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. आकडे सोळाच्या पद्धतीत दिसतात, म्हणून 10 दिसलं तर ते सोळा समज. काही बाहेरच्या डिस्कच्या खोक्यातलं सर्किट ही माहिती पुढे पाठवतच नाही. मग यादीत डिस्क दिसणार नाही.

कुणीतरी तुला चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, चालवायला सांगेल. ‘रॉ’ डिस्कवर ते चालतच नाही. डिस्क उघडत असेल, पण सेक्टर जात असतील, तर ‘आर’ पर्यायाने ते अख्खी डिस्क तासन्‌तास घासून वाचतं, आणि आधीच थकलेली डिस्क त्यातच जाते. शिवाय त्याला नोंदी एकमेकींशी जुळवायच्या असतात, तुझ्या फाइलींची त्याला पर्वा नाही. जे जुळत नाही ते तोडून ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये बिननावाच्या तुकड्यांत टाकतं. निरोगी डिस्कवर, अचानक वीज गेल्यानंतर, ‘एफ’ पर्याय ठीक आहे.

खरं काम डीडीरेस्क्यूचं, म्हणजे बिघडलेल्या डिस्कची जमेल तेवढी हुबेहूब प्रत काढणाऱ्या लिनक्सवरच्या प्रोग्रामचं. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू कर. आजारी डिस्कच्या एकूण जागेपेक्षा जास्त जागा रिकामी असलेली दुसरी डिस्क लाव. आज्ञेत आधी आजारी डिस्क, मग प्रतिमेची (अख्ख्या डिस्कच्या प्रतीची) फाइल, मग मॅप फाइल, म्हणजे कुठवर वाचून झालं याची नोंद. हा क्रम दोनदा तपास. पहिल्या फेरीला ‘एन’ पर्याय दे, म्हणजे अवघड जागी ते अडून न बसता सहज वाचता येणारं आधी उचलतं. दुसऱ्या फेरीला ‘आर 3’ देऊन उरलेल्या जागा पुन्हा वाचायला लाव. मॅप फाइल जपलीस तर मधे थांबलं तरी तिथूनच पुढे जाता येतं. मग टेस्टडिस्क, म्हणजे बिघडलेल्या नोंदी सावरून फाइली परत काढणारा प्रोग्राम, त्या प्रतिमेवर चालव, मूळ डिस्कवर नको. ते हरलं तर फोटोरेक हा नोंदींशिवाय थेट फाइली शोधणारा प्रोग्राम; पण त्यातून फाइलींची नावं आणि फोल्डर परत येत नाहीत, नुसता ढीग मिळतो.

एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, मात्र पुसलेली फाइल मिळेल अशी आशा धरू नकोस. ट्रिम या सोयीमुळे पुसलेली जागा डिस्क स्वतःच रिकामी करून टाकते, कधीकधी काही क्षणांत. पेनड्राइव्हवरून पुसलेलं तर रिसायकल बिनमध्येही जात नाही.

आणि 1 टीबीची डिस्क 931 जीबी दिसते ती फसवणूक नव्हे, मोजायची पद्धत वेगळी आहे. 4 जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नसेल तर तो पेनड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. रिकामा करून एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट कर.

नवी डिस्क आली की बॅकअपचं बघ. गूगल ड्राइव्हमध्ये सिंक होतंय म्हणजे बॅकअप आहे, असं धरून चालू नकोस. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, आणि कचरापेटी काही दिवसच सांभाळते. विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपी करायच्या आज्ञेचा ‘मिर’ पर्यायही तसाच, मूळ फोल्डर चुकून रिकामा असेल तर प्रतही रिकामी करतो. त्यापेक्षा विंडोजमधली फाइल हिस्टरी लाव, ती जुन्या आवृत्त्या ठेवते. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेव, कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. महिन्यातून एकदा एखादी जुनी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडून बघ.

लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप घालणारं साधन, चालू आहे का तेही तपास. असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून लॅपटॉपपासून वेगळी ठेव. ती नसेल तर वरचं सगळं करूनही हाती येईल तो कुलूपबंद डेटा.

तुझी,
आई