महागाईलाही नफा म्हणायचे?

संपादक महोदय,

दुसरे घर विकायला काढले तेव्हा सीएने आधी जुनी बिले मागितली. वर एक खोली चढवली होती, त्याची बिले फायलीत सापडली. पण शाई पार उडालेली! तो खर्च नफ्यातून वजा होईना. (रंगरंगोटीचा तर तसाही धरत नाहीत.) 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराच्या दीर्घकालीन नफ्यावर भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला निर्देशांकाशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता) साडेबारा टक्के किंवा निर्देशांकासह 20 टक्के, यांपैकी कमी भरेल तो कर लागतो. त्यानंतर घेतलेल्यांना हा पर्यायच नाही. वीस वर्षांत रुपया घसरला म्हणून फुगलेला आकडाही नफाच धरायचा, हे कुठले गणित? निदान राहत्या घरांपुरता तरी निर्देशांकाचा लाभ अर्थमंत्र्यांनी पुन्हा सर्वांना द्यावा.

– एक करदाता