बाबा, हे रविवारचं धर्मशिक्षण नव्हे

सेंट पॉल, मिनेसोटा

प्रिय आई-बाबा,

परवा नवा विषय घेतल्याचं सांगितलं, तेव्हा बाबा नुसतं 'बरं' म्हणाले आणि फोन आईकडे दिला. ते 'बरं' मी लहानपणापासून ओळखते. म्हणून पत्र लिहितेय. हे मध्येच कुणाच्या हातात देता येणार नाही.

कॉम्प्युटर सायन्स सोडलेलं नाही. त्याच्या जोडीला कॅथलिक स्टडीज घेतलंय, फॉर्म भरून झालाय. इथे बहुतेक मुलं हा विषय दुसऱ्या एखाद्या विषयाबरोबरच घेतात. माझं वर्ष वाढत नाही, तुमचं कर्ज वाढत नाही, आणि मी नन होणार नाहीये. हे शेवटचं आत्याला ठणकावून सांगा. आईला जरा बेतानं, तिला थोडं वाईट वाटेल.

धर्मशिक्षण आपल्या चर्चमध्ये दर रविवारी फुकट मिळत होतं, त्याला डॉलर कशाला, असं तुम्ही मागे म्हणाला होतात. बाबा, मुद्दा बिनतोड आहे, पण हे ते नव्हे. सेंट थॉमस विद्यापीठात हा विभाग १९९३ साली डॉन ब्रील यांनी सुरू केला, अमेरिकेतला असा पहिलाच. इथे इतिहासवाले, तत्त्वज्ञानवाले, साहित्यवाले, विज्ञानवाले एकाच गोष्टीकडे आपापल्या बाजूने बघतात. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ साली मांडणारे लमेत्र हे बेल्जियमचे फादर. पुढे १९५१ मध्ये खुद्द पोपनी त्या विज्ञानात निर्मात्याचा पुरावा पाहिला, तेव्हा हेच फादर अस्वस्थ झाले, कारण त्यांना विज्ञान आणि धर्माची सरमिसळ नको होती. आणि गॅलिलिओचा १६३३ चा खटलाही आम्ही झाकून ठेवत नाही.

पोप लिओ तेरावे यांचं कामगारांच्या मजुरीबद्दलचं १८९१ चं परिपत्रक वाचताना तर सारखे तुम्हीच डोळ्यांपुढे होता, आपल्या जमिनी वाचवायच्या हरित वसईच्या मोर्चात फादर दिब्रिटोंच्या मागून चालणारे. 'जमिनीच्या भानगडीत फादरचं काय काम,' असं मोठे काका अजून म्हणतात ना? त्यांच्यासाठी माझ्याकडे आता चांगली दहा पानी उत्तरपत्रिका आहे.

पण खरं कारण वेगळंच. शाळेत वसईचा किल्ला म्हणजे चिमाजी अप्पा आणि १७३९. चर्चमध्ये तोच किल्ला म्हणजे संत गोन्सालो गार्सिया, १५९७ साली नागासाकीला क्रूसावर गेलेला आपला माणूस. दोन्हीकडे मला पैकीच्या पैकी मार्क, पण दोघं कधी एका वर्गात बसले नाहीत. इथे नागासाकीच्या त्या २६ हुतात्म्यांचा विषय निघाला आणि मी हात वर केला, "यांतले एक आमच्या गावचे." मग मलाच पुढे उभं केलं. जपानच्या राज्यकर्त्यांना कशाची धास्ती वाटली, व्यापाराचं गणित काय होतं, त्याच काळात गोव्यात बसलेलं आणि १८१२ पर्यंत टिकलेलं इन्क्विझिशन काय करत होतं, सगळं एकत्र मांडावं लागलं. मिस्सा सुटल्यावर आपल्याकडे हे कुणी बोलत नाही. आई, श्रद्धा जाते का, असं विचारशील. नाही जात. फक्त पूर्वीइतकी गप्प बसत नाही.

माझी काळजी नको. बाहेर उणे वीस असलं तरी खोलीत स्वेटरही लागत नाही. कुकरमध्ये भात लावते, तू दिलेला मसाला अर्धी बाटली शिल्लक आहे, आणि सुकेळी कपाटात मोज्यांच्या मागे लपवलीत, नाहीतर रूममेट संपवेल.

नाताळच्या रात्री मिस्सा झाल्यावर मी बाबांच्या खांद्यावर झोपून घरी यायचे. ट्रंकेतून वर्षातून एकदा निघणारा तो सूट, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. तो वास यंदा नाही मिळणार. जानेवारीपासून आमचं एक सत्र रोमला आहे. टायबर नदीकाठी विद्यापीठाचं स्वतःचं घर आहे, राहणं तिथेच, वर्ग अँजेलिकम या तिथल्या विद्यापीठात, डॉमिनिकन फादरांच्या देखरेखीखाली. म्हणजे तुमच्यापेक्षा कडक. मध्येच वसईला येऊन जायचं तर तिकिटाचे पैसे उगाच जातील, त्यापेक्षा मे महिन्यात येते, आंब्यांना. आई, तुझी जपमाळ इथे माझ्याजवळच आहे, ती पोपच्या आशीर्वादाला घेऊन जाईन.

आता ऐका. बाबा, पहाटे वाडीत पंप लावायला एकटे जायचं नाही. धाकट्याला उठवा, त्याला नऊपर्यंत लोळायची मुभा कुणी दिलीय? साखरेची गोळी चुकवायची नाही. आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर म्हणत म्हणत दोन पावसाळे गेले. मोगऱ्याची कळी कुठली नि उमललेलं कुठलं, हे तुला आता कळत नाही, असं धाकटाच सांगत होता. तारीख घे आणि मला कळव.

आणि इटलीच्या व्हिसासाठी बाबांच्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट लागेल. बाबा, रागावलेले असलात तरी सोमवारी बँकेत जा, प्रत्येक पानावर शिक्का मारून घ्या, आणि मोबाइलवर तिरपा फोटो काढून पाठवू नका. नाक्यावरून नीट स्कॅन करून ईमेल करा.

तुमची,
बेबी