नियमाविरुद्ध अर्ज घेणाऱ्या बाईंना

आदरणीय बाईंना,
साष्टांग नमस्कार.

तुमचे आभार मानायचे आहेत, आणि ते बंद पाकिटातून नव्हे तर चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे. तुमचं नाव मात्र कुठे घालत नाही. शाळेच्या वार्षिक अंकातसुद्धा तुम्ही स्वतःचा फोटो छापू दिला नव्हतात, ते माझ्या लक्षात आहे. ज्यांनी ओळखायचं ते ओळखतील. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी नव्वदच्या दशकात जी मुलं शिकली, त्यांना "इतिहासाच्या बाई" एवढं पुरे आहे.

या जूनपासून माझ्याकडे पर्यवेक्षकाचं काम आलं. शाळा उघडली त्याच आठवड्यात प्रार्थनेच्या रांगेशेजारी एक सहकारी हातात कात्री घेऊन उभे दिसले. मुलांनी बाजूला मशीन मारून वरचे केस लांब ठेवले होते, ते सगळ्यांसमोर कापायचे होते. मी कात्री खाली ठेवायला सांगितली. "मग शिस्त कशी राहणार?" असं त्यांनी विचारलं. त्यांना काय सांगायचं हे मला शोधावं लागलं नाही. ते उत्तर तुम्ही मला सातवीतच देऊन ठेवलं होतंत.

तुम्ही कडक होतात हे आधी लिहायला हवं. नाहीतर तुम्हाला न ओळखणारा वाचक समजेल, या कुणी लाड करणाऱ्या बाई असतील. सोमवारी नखं तपासली जात. समास न आखलेली वही तुम्ही हातात घेत नव्हता. उत्तरात साल चुकलं तर अख्खा प्रसंग पुन्हा लिहावा लागे. व्हरांड्यात तुमच्या चपलांचा आवाज आला की मधल्या सुट्टीतला गोंधळ एका वर्गातून दुसऱ्या वर्गात शांत होत जायचा. पण उशिरा येणाऱ्यांची जी वही शिपाईमामांकडे असायची, तिच्यात गावच्या यात्रेच्या दिवशी तुम्हाला स्वतःला उशीर झाला तेव्हा तुम्ही तुमचंही नाव लिहिलंत, पुढे वेळ घातलीत, कारण घातलंत. आम्ही ते पाहिलं. त्यानंतर त्या वहीत नाव लिहायला कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

प्राथमिक शाळेतून मी तुमच्याकडे आले ती भीती घेऊनच. तिथे पाढा अडला की हातावर छडी, आणि त्याहून वाईट म्हणजे बापाच्या धंद्यावरून बोलणं. छडीचा वळ संध्याकाळपर्यंत जातो. "तुझ्या घरात कुणी शिकलंय का?" हे वाक्य जात नाही. आपल्या शाळेतही काही सरांच्या टेबलावर छडी असायचीच. तुम्ही पर्यवेक्षक झालात आणि त्या छड्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. शिक्षक खोलीत त्यावरून वाद झाला होता, तो आम्ही खिडकीबाहेरून ऐकला. "मार बंद केला तर पोरं डोक्यावर बसतील," असं एक सर म्हणाले. तुमचं उत्तर तुमच्या नेहमीच्या खालच्या आवाजात होतं, "बसली तर माझ्या डोक्यावर बसतील. माझ्याकडे पाठवा." सर पाठवत राहिले, आणि तुम्ही त्या प्रत्येक मुलाला घेऊन शाळा सुटल्यावर बसत राहिलात. हे काम किती दमवणारं असतं ते मला आता, स्वतः करताना, कळतं आहे. मारायला मिनिट पुरतं. बसायला रोजचा तास लागतो.

नववीत नागरिकशास्त्राच्या तासाला तुम्ही मूलभूत हक्क शिकवत होतात. पुस्तक मिटलंत आणि केरळमधल्या तीन भावंडांची गोष्ट सांगितलीत. दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी ही मुलं यहोवाचे साक्षीदार या पंथाची. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढलं. उच्च न्यायालयात ती हरली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांना परत शाळेत घ्यायला सांगितलं. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून तो ओळखला जातो. तुम्ही निकाल आधी सांगितलाच नाहीत. फक्त विचारलंत, "ती उभी राहिली, गायली नाहीत. नियम मोडला का?" वर्ग दुभंगला. रोज मोठ्याने राष्ट्रगीत म्हणणारी मी ठामपणे "मोडला" म्हणणाऱ्यांत होते. तुम्ही आम्हाला तास संपेपर्यंत भांडू दिलंत, आणि शेवटी म्हणालात, असा नियम मुळात होता का ते न्यायालयाने तपासलं, गायलाच पाहिजे असं सांगणारा कायदा त्याला सापडला नाही. "आधी नियम वाचायचा. मग कुणी मोडला ते बोलायचं." एवढं बोलून तुम्ही पुढच्या धड्याकडे वळलात. आज एखादं मूल शिक्षेसाठी माझ्यासमोर उभं केलं जातं तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारते, कुठला नियम, कुठे लिहिला आहे? पुष्कळदा तो कुठेच लिहिलेला नसतो. कुणाच्या तरी मनात असतो.

पण मला आभार मानायचे आहेत ते अर्जासाठी. शाळेचा कुठलाही नियम चुकीचा वाटला तर पाचवीच्या मुलानेसुद्धा तुमच्या नावे अर्ज लिहायचा, आणि तुम्ही शनिवारी सकाळच्या शाळेत प्रार्थनेनंतर त्याचं उत्तर वाचून दाखवणार, ही तुमची पद्धत होती. अर्जात चार गोष्टी हव्यात. नियम कोणता. त्याचा त्रास कुणाला होतो. तो नियम कशासाठी केला असावा. आणि त्याच्या जागी काय करावं. यातली तिसरी गोष्ट आम्हाला जीवघेणी वाटायची. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याचीच बाजू आधी, आणि तीही नीट, लिहायची. "माहीत नाही" असं लिहिलेला अर्ज तुम्ही परत करत होता. पुष्कळ अर्ज त्या तिसऱ्या मुद्द्यापाशीच मिटले, कारण लिहिता लिहिता मुलांना नियम पटला. उरले ते अर्ज मात्र असे झाले की त्यांना नाही म्हणणं मोठ्यांनाही सोपं नव्हतं.

फाटकाचा अर्ज आम्ही वाडी-वस्तीवरून येणाऱ्या मुलींनी केला. प्रार्थनेची घंटा झाली की फाटक बंद, उशिरा येणाऱ्याने पहिला तास बाहेर काढायचा, असा नियम होता. आमची एसटी मधल्या गावांना वळसा घालून यायची, तिची स्टँडवर पोचायची वेळच घंटेनंतरची. त्याआधीची गाडी पहाटेची. म्हणजे पास काढून, वेळेवर घरातून निघून, आम्ही रोज फाटकाबाहेर. आणि पहिला तास गणिताचा! नियम कशासाठी, या मुद्द्याखाली आम्ही लिहिलं की गावात राहणारी मुलं चौकात रेंगाळू नयेत म्हणून. त्याच्या जागी काय, याखाली लिहिलं की एसटीचा पास दाखवणाऱ्यांना पहिल्या तासाची हजेरी होईपर्यंत आत घ्यावं. तुम्ही ते मंजूर केलंत, आणि तेवढ्यावर थांबला नाहीत. तो अर्ज आमच्या सह्यांसकट घेऊन तुम्ही आगारात गेलात. पुढच्या वेळापत्रकात गाडी अलीकडे आली, तेव्हा सवलतही काढून घेतलीत. "कारण संपलं, सवलत संपली." आम्हाला त्या दिवशी ते फार कठोर वाटलं होतं.

दुसऱ्या अर्जाबद्दल तेव्हा आम्ही आपसातही कुजबुजत बोलायचो, पण तो लिहायलाच हवा. तास चालू असताना कुणी बाहेर जायचं नाही, हा नियम मुलींना किती जाचायचा हे पुरुष शिक्षकांना सांगणार कोण? आम्ही दिवसभर पाणीच पीत नव्हतो. पाळीच्या दिवसांत कित्येक मुली घरीच राहत. आठवीतल्या एका मुलीने अर्ज लिहिला, सही न करता तुमच्या टेबलावर ठेवला. निनावी अर्ज तुम्ही कधी घेत नव्हता. हा घेतलात. शनिवारी अर्ज वाचून दाखवला नाहीत, फक्त निर्णय सांगितलात: आजपासून मुलींना बाहेर जायला कारण विचारायचं नाही. सोमवारी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून नवी कडी होती आणि पाण्याची बादली भरलेली होती. या एका निर्णयाने किती मुली दहावीपर्यंत टिकल्या असतील याची मोजदाद कुणी केली नाही. मला माझ्या बाकावरच्या दोघी माहीत आहेत.

सगळे अर्ज मंजूर झाले नाहीत. लाल रिबिनी आणि दोन वेण्या यांचा आमचा अर्ज तुम्ही फेटाळलात. गणवेश आणि वेणी सारखी असली की कुणाच्या घरी काय आहे ते दिसत नाही, असं तुमचं कारण होतं. बाई, ते मला तेव्हा पटलं नव्हतं आणि अजूनही पटलेलं नाही. द्राक्षाच्या बागेत छाटणीला ज्यांच्या आया पहाटे जात, त्यांना दोन वेण्या घालून देणारं घरी कुणी नसायचं. वेणी कशी आहे त्यावरूनच तर घर दिसायचं. आम्ही फाटकाबाहेरच्या लिंबाखाली एकमेकींच्या वेण्या घालायचो. पण नाही म्हणतानासुद्धा तुम्ही कारण दिलंत, सगळ्या शाळेसमोर दिलंत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल असं सांगितलंत. इतक्या वर्षांनी मी तुमच्याशी त्यावर वाद घालू शकते आहे, तेही तुमच्यामुळेच.

बारावीनंतर माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. रडून, जेवण सोडून काही होणार नाही हे मी मोठ्या बहिणीच्या वेळी पाहिलं होतं. मी अण्णांना अर्ज लिहिला, तुमच्या पद्धतीने. आपल्या घरात मुलीचं शिक्षण बारावीपर्यंत, हा नियम. त्रास मला. तो कशासाठी असावा, याखाली मी मनापासून लिहिलं: वसतिगृहाचा खर्च, बाहेर राहणाऱ्या मुलीची काळजी, भावकीतलं बोलणं, आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाला उशीर. त्याच्या जागी काय, तर मिरजेच्या आत्याकडे राहायचं, सांगलीला कॉलेज करायचं, शनिवारी घरी यायचं. अण्णा फारसे शिकलेले नव्हते. त्यांनी तो कागद सावकाश वाचला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला, आणि दोन दिवसांनी एवढंच विचारलं, "मिरज-सांगली पासाला किती पडतात?" मधल्या काळात ते तुम्हाला भेटून आले होते, हे आईने मला फार उशिरा सांगितलं. तुमचं त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, धाकटी माझ्यामागून त्याच आत्याकडे राहून शिकली. आमच्या काळज्या पोरीने ओळखल्या, असं अण्णा पुढे पाहुण्यांना सांगत.

बी.एड.ला असताना संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराबद्दल वाचलं. भारताने त्याला १९९२ मध्ये मान्यता दिली. त्याच्या बाराव्या कलमात म्हटलं आहे की मुलाच्या आयुष्याशी संबंध असलेल्या गोष्टींत त्याला मत मांडता आलं पाहिजे आणि वयानुसार त्या मताला वजन दिलं पाहिजे. मला शनिवारची प्रार्थना आठवली. पुढे शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली, आणि तसं करणाऱ्या शिक्षकावर कारवाईची तरतूद केली. छडी आता बऱ्याच ठिकाणी गेली. उन्हात उभं करणं, उठाबशा काढायला लावणं, सगळ्या वर्गासमोर फीची थकबाकी वाचून दाखवणं हे अजून ऐकू येतं. पालकही येऊन म्हणतात, "मारा मॅडम, पण सरळ करा." त्यांना मी तुमच्याविषयी सांगते. तुमच्याइतका कडक शिक्षक मी पाहिला नाही, आणि तुमच्या शाळेत जितकं मोकळेपणाने मी बोलले तितकं नंतर कॉलेजातही बोलता आलं नाही, हे त्यांना सांगते. काहींना पटतं. काही मान हलवून निघून जातात.

कात्रीच्या प्रसंगानंतर मी सूचना फळ्यावर अर्जाचे चार मुद्दे लिहून लावले. पहिला अर्ज नववीच्या मुलांचा आला, केसांबद्दलच. "नियम कशासाठी" याखाली त्यांनी लिहिलं आहे, "मोठ्यांना वाटते की केसांकडे लक्ष गेले की अभ्यासाकडे राहत नाही. आणि काही मुलांकडे सलूनला द्यायला पैसे नसतात." दुसरं वाक्य मी कुणाला सुचवलं नव्हतं. केस स्वच्छ असावेत, डोळ्यांवर येऊ नयेत, बाकी मोकळीक असावी, अशी त्यांची मागणी आहे. माझा कल मंजूर करण्याकडे आहे. दोघा सहकाऱ्यांचा विरोध आहे आणि त्यांचं म्हणणंही मी लिहून घेतलं आहे. उत्तर येत्या शनिवारी द्यायचं आहे. अर्जाची प्रत सोबत वेगळ्या पाकिटात पाठवते. तुमचं मत हवं आहे, फेटाळायला सांगितलंत तरी चालेल, फक्त नेहमीप्रमाणे कारण लिहा.

तुमची विद्यार्थिनी,
दहावी 'ब', एसटीने येणाऱ्यांपैकी एक